पॅटर्न काढताना

उद्यमबागेत सत्तावीस वर्षं वाळूत गुडघे टेकलेत मी,
इगर्जीत त्याहून कमीच.
आधीच सांगून टाकतो, पुढचं ऐकून
मला कुणी संतबिंत समजू नये.

कोण रे तू, विचारलं तर उत्तर पाठ होतं :
बस्त्याव सोज. मोल्डर. खानापूर रस्त्याकडचा. मराठी.
आणि ख्रिस्ती, हे शेवटी,
खिशातून रुमाल काढावा तसं,
तेही समोरच्याचं तोंड बघून.

गावच्या खुरसाच्या चौथऱ्यावर नवी पाटी बसवायची होती.
जुनी लाकडी, वाळवीनं अर्धी नेलेली.
कमिटी तीन संध्याकाळी बसली :
अक्षरं कानडी की मराठी,
की सालूबाय म्हणते तसं आपलं रोमीतलं कोंकणी.
चौथ्या दिवशी मी म्हणालो,
लोखंड माझं, ओतणं माझं,
वर नुसता खूरस असू दे, त्याला कुठली लिपी?
सगळे गप्प. मग टाळ्या.
आणि चहा संपता संपता मीच, हळूच :
खाली फक्त एक ओळ.
देणगीदार बस्त्याव इनास सोज.
माझी लिपी तेवढी ठरलेली होती.

सागवानाचा पॅटर्न घरीच कोरला.
खुरसाला दोन रात्री लागल्या,
नावाला नऊ.

शनिवारी भट्टी पेटली.
कणबरकर मिस्त्री पॅटर्न हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला.
'काय करुलालास बा हे? एवढं उंच अक्षर, सरळ भिंती.
उतार कुठाय?
उतार नसलेलं बाहेर येताना वाळू घेऊन येतं.'
मी हसलो. सत्तावीस वर्षं झाली की मला.

वाळू ठोकली. कडेनं पाण्याचं बोट फिरवलं.
हातोडीनं डावीउजवीकडून सैल केला,
श्वास धरून उचलला.

खूरस सुटला, लोण्यातून सुरी निघावी तसा.
नाव मात्र आलं ते वाळूचा लचका तोडूनच.
'बस्त्या'पाशी नुसता खड्डा,
पुढची अक्षरं उलटी, अर्धी, ढासळलेली.

लेडल निघाला होता. दोनेक मिनिटं होती हातात.
ओल्या बोटानं, करणीच्या टोकानं
मी याहून वाईट साचे सावरलेत.

पण वर खूरस होता.
म्हणजे नव्हता. होती नुसती पोकळी,
कड न कड शाबूत,
आत काहीच नाही म्हणून शाबूत.
पॅटर्न आतच राहिला तर लोखंड जाणार कुठं?
रोज हेच तर करतो, घालायचं, काढून घ्यायचं,
रिकामं जपायचं,
आणि डोक्यात कधी शिरलं नाही.
बापाच्या नावानं, म्हणत कपाळाला हात नेतो
लहानपणापासून,
त्यात माझं नाव कधी होतं?

करणी घेतली.
खालची ओळ बुजवली, दाबली, सपाट केली.
कणबरकर बघत होता. बोलला नाही.
लोखंड आलं, लाल, घाईत,
आणि शांतपणे आत गेलं.

सणाला पाटी चौथऱ्यावर आडवी बसली.
सालूबायनं खालच्या जागेवर हात फिरवला.
'हे सपाट कशाला सोडलंस रे?'
वाळू पडली, मावशी.
'बरं झालं की. मेणबत्ती चिकटवायला जागा झाली.'

मागच्या आठवड्यात दारात एक पोरगी, हातात फॉर्म.
नाव सांगा.
म्हटलं, ख्रिस्ती लिही आधी.
'तो रकाना खाली आहे काका, सातवा.'
मग लिही खालून वर, मला घाई नाही.
ती हसली. नाव विचारूनच घेतलं तिनं. सांगितलं.

खोटं कशाला बोलू,
खुरसापुढून जाताना अजून वाकतो,
बोट आपोआप त्या सपाटीवर जातं
अक्षरं शोधत.
मेण लागतं. कधी थंड,
कधी कुणीतरी नुकतंच लावून गेलेलं.